भुताला भूत राहू द्या

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच सिनेमाबद्दल आहेत, म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच देतेय. आधी वाचकाचं पत्र, त्याखाली माझं उत्तर, असं करत जाऊ. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाच मित्रमैत्रिणी, एक बंद पडलेला बंगला, एक रात्र आणि त्या बंगल्याच्या मूळ मालकिणीचं भूत. कमी पैशात केलेला भयपट, त्यात विनोदाची भर. जाहिरातीत भीती आणि हसू दोन्हींचं वचन होतं. सिनेमाचं नाव मी छापत नाही. करणारी मंडळी नवी आहेत आणि मला जे सांगायचंय ते या एका सिनेमापुरतं नाही. मी तो दुपारच्या खेळाला पाहिला. थिएटरात आम्ही अकरा जण होतो, मध्यंतरानंतर सात.

ताई, मला भयपट आवडतात, बहिणीला विनोदी सिनेमे. वाटलं, एका तिकिटात दोघींचं भागेल. मी एकदाही दचकले नाही आणि ती एकदाही हसली नाही. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, हे दोन प्रकार एकत्र येऊच शकत नाहीत. मला ते पटलं नाही, पण उत्तरही देता आलं नाही. तुम्ही द्याल?

बहिणीला सांगा, येतात. आणि त्याचा पुरावा याच सिनेमात होता, वीस-पंचवीस सेकंद.

तुम्हाला तो पायांचा प्रसंग आठवतो का? वीज गेली आहे. सगळे हॉलमध्ये जमिनीवर गाद्या टाकून झोपलेत. नायिका पाणी प्यायला उठते, परत येताना मोबाइलचा उजेड खाली धरते, कुणावर पाय पडू नये म्हणून. पांघरुणांखालून सगळ्यांचे पाय बाहेर आलेत. ती सहज मोजते. झोपलेले चौघं, म्हणजे पाय आठ हवेत. दहा भरतात.

ती पुन्हा मोजते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जात नाही, तो पायांवरून हळूहळू सरकत राहतो. संगीत नाही. कुणीतरी एकसारखं घोरतंय. मग नववा आणि दहावा पाय येतो, पांढरे पडलेले, टाचा भेगाळलेल्या, अंगठ्याच्या नखात वाळलेली माती. माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून एक कॉलेजातला मुलगा बसला होता. त्याने आपले पाय खालून उचलून खुर्चीवर घेतले. मी पडद्यावरून नजर काढून मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं, कारण सिनेमा लागू पडतोय की नाही हे मला अशाच गोष्टींवरून कळतं. त्या शॉटला लागलं काय होतं? दहा पाय आणि एक मोबाइल.

आणि मग ते दोन पाय नाचायला लागले. मागून 'टॉइंग' असा आवाज, ढोलकीचा एक तुकडा, आणि नायिकेने कॅमेऱ्याकडे बघून डोळे फिरवले. मुलाने पाय खाली सोडले. पुढचा सव्वा तास त्याने ते पुन्हा वर घेतले नाहीत.

या प्रसंगात हसू आणायचंच होतं, तर जागा तिथेच होती. त्या टोळक्यात एक घाबरट मित्र आहे, दिवसभर आपण कसे कशालाच घाबरत नाही हे सांगणारा. तो झोपेतच शेजारच्यावर खेकसला असता, "पाय तिकडे घे रे, बर्फासारखे लागतायत," तर थिएटर हसलं असतं. आणि हसता हसता प्रत्येकाच्या लक्षात आलं असतं की ते पाय थंड आहेत, म्हणजे ते खरोखर तिथे आहेत आणि त्याला चिकटलेत. एकाच वाक्याने हसू फुटतं आणि त्याच वाक्याने अंगावर काटा येतो. तुम्हा दोघींचं भागलं असतं ते अशा ठिकाणी.

माझं म्हणणं एवढंच आहे की हसायचं ते माणसांना, भुताला नाही. घाबरलेला माणूस खोटं बोलतो, फुशारक्या मारतो, दुसऱ्याला पुढे ढकलतो, जीव जायची वेळ आली तरी चपला शोधत बसतो. ही विनोदाची खाण आहे, खणाल तेवढं निघेल. पण हे सगळं तो का करतो? समोर खरंच काहीतरी आहे म्हणून. सिनेमाने स्वतःच भुताची टर उडवली की त्या माणसांना घाबरायला कारण उरत नाही, आणि कारण गेलं की त्यांची तारांबळही खोटी पडते. भीती मेली त्याच क्षणी विनोदही मेला. तुम्ही दचकला नाहीत आणि तुमची बहीण हसली नाही, ही दोन वेगळी अपयशं नाहीत.

जुनं उदाहरण द्यायचं तर १९४८ सालचा 'अॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन' घ्या. अॅबट आणि कॉस्टेलो ही त्या काळातली गाजलेली विनोदी जोडी. त्यांच्यासमोर ड्रॅक्युला म्हणून उभा केला तो बेला लुगोसी, ज्याने १९३१ मध्ये तीच भूमिका करून लोकांना घाबरवलं होतं. लांडगामानव झाला लॉन चेनी ज्युनिअर, तोही आधी ती भूमिका गाजवलेला. हे दोघंही संपूर्ण सिनेमाभर आपापल्या जागी गंभीर आहेत. कॉस्टेलोची बोबडी वळते आणि आपण गडगडा हसतो, कारण लुगोसीच्या डोळ्यांत जराही थट्टा नाही.

आपल्याकडचा 'झपाटलेला' आठवा, १९९३ चा. रामदास पाध्यांचा तो बाहुला आणि समोर लक्ष्या. तात्या विंचूला लक्ष्याचं शरीर हवं असतं आणि त्यासाठी तो हात धुऊन मागे लागलेला असतो, त्यात कुठेही लुटुपुटु नाही. म्हणून तर तो सिनेमा पाहून हसलेली मुलं रात्री खोलीतल्या बाहुलीकडे पाठ करून झोपत नसत.

सगळे त्या सिनेमावर तुटून पडलेत, पण पैसाच नसेल तर त्या मुलांनी काय करायचं? कमी खर्चात केलेल्या सिनेमाला मोठ्या सिनेमाच्या मापाने मोजणं अन्याय नाही का?

तुमची कळकळ मला समजते. पैशाअभावी अडलेली माणसं मी रोज बघते. पण या सिनेमाचं नुकसान पैशाने केलं, हे मला मान्य नाही. भयपट हा तर गरिबांचा प्रकार आहे. भीती अंधारात राहते आणि अंधाराला भाडं पडत नाही.

१९४२ चा 'कॅट पीपल' बघा. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जॅक टर्नर. एक बाई रागावली की बिबट्या होते, अशी कल्पना. हाताशी पैसे इतके बेताचे की दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या सिनेमासाठी आधीच उभारलेला मोठा जिना त्यांनी आपल्या सेटमध्ये वापरून घेतला. मग त्यांनी बिबट्याला सावलीत ठेवला. एका प्रसंगात रात्री एकटी मुलगी रस्त्याने चाललीय. मागून त्या बिबट्या होणाऱ्या बाईच्या टाचांचा आवाज येतोय, मग तो थांबतो. ती घाबरून वेग वाढवते. झाडांची पानं हलतात. आपण कान टवकारून बसलेलो असतो आणि अचानक जनावर फिस्कारल्यासारखा आवाज करत पडद्यात घुसते ती बस. नुसती बस, तिच्या ब्रेकचा आवाज. हा कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जायची ही जागा, मार्क रॉब्सन या संकलकाने, म्हणजे चित्रीकरणाचे तुकडे कापून जोडणाऱ्याने, लावली. आजही अशा फसव्या दचक्याला त्या धंद्यातली माणसं 'ल्यूटन बस' म्हणतात. मी संकलन शिकत होते तेव्हा तो कट मी इतक्या वेळा पुढेमागे करून पाहिला की कुठली फ्रेम, म्हणजे कुठलं एकेक चित्र, कधी येते ते पाठ झालं होतं, आणि तरी दर वेळी खांदे उडायचे.

दिग्दर्शक सॅम रेमी विशीत असताना 'द इव्हिल डेड' करत होता, तो लोकांपुढे आला १९८१ मध्ये. जंगलातून काहीतरी अदृश्य वेगाने धावत येतंय, असं त्याला हवं होतं. त्याने कॅमेरा एका फळीला ठोकला, फळीची दोन टोकं दोघांनी धरली आणि दोघं जमिनीलगत धावत सुटले. राक्षस दाखवायचा खर्च वाचला आणि राक्षस मिळाला. ओरेन पेलीने 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी' केला तो स्वतःच्या घरात, साधारण १५,००० डॉलरमध्ये. पलंगासमोर तिकाटण्यावर कॅमेरा आणि झोपलेलं जोडपं, बस. दार आपोआप थोडंसं हललं की अख्खं थिएटर श्वास धरायचं.

आणि हसू व भीती या जोडीबद्दलच बोलायचं तर जपानचा 'वन कट ऑफ द डेड' आहे, २०१७ चा, शिनइचिरो उएदाचा. खर्च सुमारे ३० लाख येन. सिनेमाच्या हिशेबात तो खर्च जवळजवळ काहीच नाही. पहिली ३७ मिनिटं एकही कट नाही. माझ्यासारख्या संकलन करणाऱ्या बाईला हे पाहताना हाताला कामच उरत नाही! ती ३७ मिनिटं अवघडलेली आहेत. नट मध्येच गप्प होतात, कुणी भलतंच बोलतो, कॅमेरा उगीच एका जागी रेंगाळतो. वाटतं, फसलाय सिनेमा. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण त्या प्रत्येक अवघडलेपणाला कारण निघतं आणि तुम्ही पोट धरून हसता. त्यांनी आपल्या गरिबीची माफी मागितली नाही, तिचीच गोष्ट केली.

आपण ज्याबद्दल बोलतोय त्या बंगल्याच्या सिनेमात मात्र जे फुकट मिळतं तेच हरवलं. सगळ्यात आधी आवाज. गोष्ट रिकाम्या बंगल्यात घडते. उंच छत, फरशी, सामान नाही. तिथे शिंकलात तरी घुमायला हवं. पण संवाद नंतर डबिंगच्या खोलीत घेतलेत, भिंतींना स्पंज लावलेल्या, आणि ते तसेच कोरडे चिकटवलेत. नायिका भल्यामोठ्या हॉलमध्ये किंचाळते आणि आवाज येतो कपाटात तोंड घातल्यासारखा. चित्रीकरण संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्याच हॉलची एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची असते, तिला रूम टोन म्हणतात. एक मिनिट, पैसे शून्य. ते मिनिट त्यांनी घेतलं नाही असं दिसतं, कारण दोन वाक्यांच्या मधल्या जागेत काहीच ऐकू येत नाही. डोळ्यांना बंगला दिसतो, कानाला दिसत नाही.

दुसरं म्हणजे भूत. ते तेविसाव्या मिनिटाला भर उजेडात समोर उभं. मी घड्याळ पाहिलं. कॉम्प्युटरवर केलेला चेहरा, केस वाऱ्याने एका दिशेला उडतायत आणि पदर स्थिर. जिथे थोडेफार पैसे होते ते इथे गेले, आणि जिथे जायला नको होते तिथेच गेले. म्हणून सवलत द्यायला माझं मन घेत नाही. पैसा नसलेल्या माणसाला मी माफ करीन. अंधार फुकट असताना दिवा लावणाऱ्याला मला थांबवून सांगावंसं वाटतं.

मी अकरावीत आहे. भीतीदायक सीन आला की मला हसू येतं, आवरत नाही. मित्र म्हणतात तू सिनेमाची वाट लावतोस. माझं काही चुकतंय का?

नाही रे. तुझ्या शरीराचं सगळं जागच्या जागी आहे. अचानक मोठा आवाज झाला की डोकं विचार करायच्या आत अंग आक्रसतं, छाती धडधडायला लागते, श्वास अडतो. पुढच्याच क्षणी डोक्याला कळतं की आपण खुर्चीत बसलोय आणि समोर पडदा आहे. पण अंगात चढलेली ती ऊर्मी लगेच उतरत नाही. तिला कुठूनतरी बाहेर पडायचं असतं. कुणाची किंकाळी निघते, कुणी शेजारच्याचा दंड धरतं, तुझं हसू निघतं.

लहान बाळाशी बुवा-कुक खेळताना बघ. चेहरा दिसेनासा झाला की बाळ क्षणभर गंभीर होतं, मग चेहरा परत आला की खिदळतं. दाराआडून 'भॉक' केल्यावर मोठी माणसंही आधी दचकतात आणि मग हसतात. भीती आणि हसू ही शेजारची घरं आहेत, मधली भिंत पातळ आहे, आणि हे दोन्ही प्रकार एकत्र करणारे सिनेमे त्या भिंतीवरच उभे असतात.

मित्रांना एकच विचार: मी हसतो तेव्हा तुम्ही घाबरलेले असता का? ते घाबरलेले असतील तर तुझं हसू भीतीचंच आहे. आणि कुणीच घाबरलेलं नसेल, सगळेच हसत असतील, तर वाट सिनेमाने स्वतःच लावलीय.

मी अशाच एका छोट्या सिनेमात मेकअप सहायक होते. आमचं भूत पडद्यावर आलं आणि लोक हसले. हसायची जागा नव्हती ती. दोन रात्री जागून मी त्या चेहऱ्यावर काम केलं होतं. त्यानंतर मी काम घेतलेलं नाही. तुम्ही सदरात फक्त प्रेक्षकांची बाजू घेता.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मला त्यात स्वतःची एक गोष्ट सांगावी लागणार होती आणि ती मी आजवर कुठे लिहिलेली नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका छोट्या भयपटाचं संकलन केलं. त्यातही विनोद होता, बेताचा आणि चांगला. त्या सिनेमात भुतासाठी रबराचा मुखवटा होता. तो करणारा मुलगा तुमच्यासारखाच, रात्ररात्र जागलेला. चेहरा सुंदर जमला होता, म्हणजे बघवत नाही इतका. पण एका शॉटमध्ये नटाने मान वळवली आणि गळ्यापाशी रबराची कडा सुटलेली दिसली. शॉट होता ४० फ्रेमचा. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पावणेदोन सेकंदांच्या आसपास. मी तो कापत कापत १४ फ्रेमवर आणला. अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. तेवढ्यात डोळे दिसतात, गळा दिसायच्या आत पुढचा शॉट येतो. ऑफिसातल्या पाच-सहा जणांना बोलावून दाखवला, कुणालाच कडा दिसली नाही. दोघं दचकले.

पण दिग्दर्शकाच्या मनात भीती बसली होती. लोक हसले तर? त्याच्यापेक्षा आपणच आधी हसलेलं बरं, असं त्याने ठरवलं. डबिंगला एक वाक्य वाढवलं. भूत जातं आणि एक पात्र म्हणतं, "मास्क कुठल्या दुकानातून आणलाय हिने?" मी म्हटलं, हे नको. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, ते मी म्हटलं नाही. वाक्य टाइमलाइनवर मीच बसवलं, ओठ दिसू नयेत म्हणून त्याच्या पाठीवर कटही मीच लावला.

पहिल्या खेळाला लोक त्या वाक्यावर खूप हसले. दिग्दर्शकाने माझ्याकडे विजयाने पाहिलं. आणि त्यानंतर तो चेहरा जेव्हा जेव्हा आला, तेव्हा तेव्हा लोक हसले. शेवटच्या प्रसंगात, जिथे ती आपल्या मुलाचं नाव घेते, तिथेही. मुखवटा करणारा मुलगा माझ्या पुढच्या रांगेत होता. दिवे लागायच्या आत तो उठून गेला. त्याच्याशी बोलायचं राहून गेलं आणि पुढे तो या धंद्यात मला कधी दिसला नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, प्रेक्षक तुमच्या कामाला हसले असतील असं धरून चालू नका. तो शॉट किती लांब ठेवला होता? त्यावर प्रकाश कुठून होता? त्याच्या आधी कुणी काय बोललं? यातलं काहीच मेकअप सहायकाच्या हातात नसतं. चेहरा तुमचा असतो, पण तो कधी, किती आणि कशानंतर दिसेल हे आम्ही ठरवतो. तुमच्या दोन रात्री आम्ही एका वाक्यात घालवू शकतो. मी घालवल्या आहेत.

मेकअपसाठी दरवर्षीचं वेगळं ऑस्कर सुरू झालं तेव्हा पहिलं मिळालं रिक बेकर यांना, 'अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' या १९८१ च्या सिनेमासाठी. तो सिनेमा भयपटही आहे आणि विनोदीही. त्यात नायकाचा मेलेला मित्र त्याला भेटायला येतो, गळा फाटलेल्या अवस्थेत, आणि अगदी गप्पांच्या सुरात बोलतो, चिडवतो. बोलताना गळ्यावरचा कातडीचा एक तुकडा लोंबत हलत राहतो. त्या तुकड्यावरून नजर हटत नाही. दर भेटीत तो जास्त कुजलेला असतो. इथे भूतच थट्टा करतं, पण त्याच्या मरणाची थट्टा कुणी करत नाही. तो तुकडा हलतो म्हणून हसू येतं आणि तोच तुकडा हलतो म्हणून बघवत नाही. हे मेकअपने केलंय. लिहिणाऱ्याला एकट्याला ते जमलं नसतं.

काम घ्या. आणि पुढच्या वेळी संकलनाच्या खोलीत येऊन बसायची परवानगी मागा. सहायकांना कुणी बोलावत नाही, पण मागितलं तर पुष्कळ जण देतात. माझ्या खोलीत तरी खुर्ची असते.

भूत शेवटी दाखवावं की दाखवूच नये?

दाखवावं, पण उशिरा आणि थोडं. एवढा वेळ ताणून धरल्यावर काहीच न दाखवणं ही प्रेक्षकाची फसवणूक वाटते. आधी त्याने काय केलंय ते दाखवा, मग त्याची सावली, मग हात. चेहरा सगळ्यात शेवटी.

आम्ही चौघं मित्र मिळून मोबाइलवर बारा मिनिटांची शॉर्ट फिल्म करतोय, हॉरर कॉमेडी. तो सिनेमा पाहून धसका बसलाय. आमचंही तसंच होऊ नये म्हणून काय करू? एक गोष्ट सांगा.

एक सांगून होणार नाही, पण सुरुवात इथून करा.

आधी विनोद बाजूला ठेवून गोष्ट लिहा. त्या बारा मिनिटांतले सगळे चुटके काढून टाकल्यावरही ती रात्री वाचताना मान मागे वळवावीशी वाटली पाहिजे. भूत कुणाचं, त्याला काय हवंय, ते याच घरात का आहे, हे तुम्हा चौघांना पक्कं ठाऊक हवं, भले सिनेमात त्यातलं एक वाक्यही येऊ नये. त्या सिनेमातली मालकीण पहिल्या अर्ध्या तासात घर परत मागते, नंतर कुणाचा तरी सूड घ्यायचं म्हणते, शेवटी नाचते. तिला काय हवंय ते तिलाच माहीत नव्हतं. जिला काही नकोच आहे तिला कोण घाबरणार?

ते झालं की चौघा पात्रांकडे वळा. प्रत्येक जण घाबरल्यावर काय करतो ते ठरवा आणि त्यासाठी एकमेकांकडेच बघा. तुमच्यातला एक जण घाबरला की बडबडत असेल, एक गप्प होत असेल, एक उगाच चिडत असेल. चुटके लिहू नका, या सवयी लिहा. घाबरला की हिशेब मांडणारा एखादा असेल तर पाठलाग चालू असतानाही तो हिशेबच मांडेल, आणि तुम्हाला हसवायला वेगळं काही करावं लागणार नाही.

चित्रीकरणात कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारायचा नाही. नट हसला तर टेक परत घ्या. त्याला हसू येतंय याचा अर्थ अजून त्याचा विश्वास बसलेला नाही. आणि निघायच्या आधी प्रत्येक खोलीतली एक मिनिट शांतता रेकॉर्ड करा. पंखा बंद, फोन बंद, कुणी हलायचं नाही.

संकलनात सगळ्यात मोठी चूक होते ती विनोदानंतर. वाक्य जमलं की आपल्याला वाटतं, लोक हसतील, त्यांना वेळ देऊ, आणि आपण दोन सेकंद मोकळे सोडतो. मोकळ्या थिएटरात ते दोन सेकंद भकास वाटतात. ती जागा रिकामी सोडू नका, तिथे भीती ठेवा. लोक हसत असतात, बेसावध असतात, खांदे सैल सुटलेले असतात, आणि मागच्या खिडकीत काहीतरी सरकतं. निम्म्यांना दिसेल, निम्म्यांना नाही. ज्यांना दिसलं ते शेजारच्याला विचारतील, "पाहिलंस का?"

'टॉइंग' सारखे आवाज फोनमधून आजच काढून टाका. हसा, असं सांगणारा आवाज लागतोय म्हणजे वाक्यात हसण्यासारखं काही नाही. दचकवण्यासाठी धडाम वाजवायचं असेल तर बारा मिनिटांत एकदा, आणि त्याच्या आधी निदान दहा सेकंद जवळजवळ शांतता.

पहिला कट तयार झाला की दोन वेळा पाहा. एकदा आवाज बंद करून. जिथे नुसत्या चित्रानेही अस्वस्थ वाटतं ते शॉट जपा. मग फोन पालथा ठेवून, दिवे घालवून नुसतं ऐका. चौघांनी एकत्र नाही, एकेकट्याने, आपापल्या खोलीत. कुठे कंटाळा आला तो मिनिट कागदावर लिहा, एकमेकांना न दाखवता. मग कागद जुळवा आणि चौघांनी लिहिलेला मिनिट सारखा निघाला तर तिथून कापायला सुरुवात करा.